सात महिने, एक जंगल आणि दोनच हिरव्या पेन्सिली

एप्रिलच्या सुट्टीत बेळगावला गेलो होतो, तेव्हा गणपत गल्लीतून हे रंगवायचं पोस्टर आणलं. तीन फूट बाय चार फूट, वर्षावनातले प्राणी, किंमत साडेतीनशे. रंगवणारे तिघं: माझी सात वर्षांची लेक, दहा वर्षांचा भाचा आणि शेजारची कन्नड शाळेत जाणारी मुलगी. आम्ही खानापूरचे. ऑक्टोबर संपत आला तरी चित्र पुरं झालेलं नाही, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती कागदाची. दुकानदार म्हणाला होता, "काय बी लावा की ताई, चालतंय." नाही चालत. पहिल्याच दिवशी भाच्यानं स्केचपेननं अ‍ॅनाकोंडा रंगवला तो थेट खालच्या फरशीवर उमटला. ऑइल पेस्टल मुलांच्या कोपरांनी फरकटतं. शेवटी मोठ्या पानांना मेणखडू आणि बाकी सगळीकडे रंगीत पेन्सिली, यावर आम्ही आलो. पोस्टर घडी घालून येतं हे आणखी एक दुखणं. जूनमध्ये आमच्याकडचा पाऊस लागला आणि कागद असा सादळला की रंग चढेना, टोक रुतायला लागलं, घडीच्या चौकात भोक पडलं. मागून जुन्या धोतराची पट्टी खळीनं चिकटवली आणि जुलै-ऑगस्ट ते गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं. घ्यायचं असेल तर दिवाळीनंतर घ्या.

पोस्टरसोबत आलेल्या बारा पेन्सिलींच्या डबीत हिरव्या दोनच. जंगल दोन हिरव्यांत कसं बसणार? खाली पिवळा घासून वर हिरवा, कुठे निळ्यावर हिरवा, सावलीला हिरव्यावर तपकिरी, असं करत पाच-सहा हिरवे निघाले. लेकीनं जमीनही पोपटी केली होती. तिला जांबोटीच्या रस्त्यावर एस.टी.च्या खिडकीतून दाखवलं, बारा वाजताही झाडांखाली काळोखच. दाट वर्षावनात वरच्या उन्हातलं शेकडा दोन टक्क्यांच्या आसपासच जमिनीपर्यंत पोचतं. घरी येऊन तिनं खालचा भाग तपकिरीनं इतका गिरवला की ती पेन्सिल बोटभर उरली.

चित्र काढणाऱ्यानं मात्र घाई केलीय. डबीवर जग्वार लिहिलंय, पण अंगावरच्या कड्या रिकाम्या. तशा बिबट्याच्या असतात. जग्वारच्या कड्यांत आत ठिपके असतात, ते भाच्यानं एकेक करून भरले, दोन संध्याकाळी गेल्या. मॉर्फो फुलपाखरू पंख मिटून बसलंय आणि नमुन्यात ते निळं दाखवलंय. त्याचा निळा पंखांच्या वरच्याच बाजूला. तोही रंगद्रव्याचा नव्हे, खवल्यांच्या रचनेवरून उजेड परततो म्हणून दिसणारा. मिटल्यावर तपकिरी आणि डोळ्यांसारखे गोल. आम्ही तपकिरी केलं. याउलट स्लॉथ, म्हणजे झाडावर लटकणारा तो संथ प्राणी, लेकीनं चुकून हिरवा केला तेव्हा भाचा पोट धरून हसला. पण स्लॉथच्या केसांत खरंच शेवाळ वाढतं आणि तो हिरवट दिसतो. त्या दिवशी तिचा रुबाब बघण्यासारखा होता.

टूकन बघून शेजारची पोर म्हणाली, "मंगट्टे!" आमची म्हणाली, "धनेश!" एकच पक्षी, दोन भाषा, आणि दोघी चूक. चोच तेवढी मोठी, बाकी नातं लांबचं. टूकन सुतारपक्ष्याच्या गोतातला, अमेरिकेतला. धनेश आपल्या घाटातला, मलबारी धनेशाच्या चोचीवर शिंगासारखा फुगवटा असतो. समजावून सांगितलं, तरी दोघींनी मिळून टूकनला फुगवटा काढलाच. राहू दे म्हटलं.

सगळ्यात मोठा घोळ वाघाचा. दक्षिण अमेरिकेतल्या मकाव पोपटाच्या शेजारी पट्टेरी वाघ! "आई, ह्यो हितं कसा गे?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण दक्षिण अमेरिकेत वाघ नाहीच. भाच्यानं शाळेचा नकाशा काढून खात्री केली. मग वाघ आणि मकाव यांच्यामधून त्यानं निळी पट्टी ओढली. "हा समुद्र," म्हणाला.

आपलं काहीच नाही, हे मला जास्त खटकलं. पश्चिम घाटातही सदाहरित जंगल आहे, भीमगड अभयारण्य तर आमच्याच तालुक्यात. वर उजवीकडे कोरी जागा होती तिथे लेकीनं शेकरू काढलं: पाठ तांबूस, शेपटी काळपट, पोट पिवळट, शेजारी पानांचं घरटं. शेपटी अंगापेक्षा लांब काढली तेव्हा वाटलं अती झालं, पण शेकरूची असतेच तशी.

चुका आहेत म्हणूनच मुलं सात महिने टिकली, असं आता वाटतं. बिनचूक पोस्टर चार दिवसांत रंगवून बाजूला पडलं असतं. पण याचं श्रेय छापणाऱ्याला देणार नाही. पाचात तीन गुण, आणि तेही पेन्सिली वेगळ्या चांगल्या घेणार असाल तर. सोबतच्या डबीतली लाल पेन्सिल टोक करताना आतून तीनदा मोडली.

खालच्या कोपऱ्यातली पानं वाहणाऱ्या मुंग्यांची रांग अजून कोरी आहे. तांबूस की काळ्या, यावर तिघांचं जमत नाही.