साडेचारशेचा वॉकिंग फूट, आठ महिने आणि तो एक स्क्रू

काल रात्री परत सुई निसटली, पॉटहोल्डरच्या अगदी शेवटच्या ओळीला, म्हणून लिहायला बसले, नाहीतर एवढं लिहिणाऱ्यातली मी नाही.

मी चिंध्यांचं छोटंच काहीतरी शिवते, कोस्टर, पॉटहोल्डर, चेनचे पाऊच. चिंध्या गल्लीतल्या शिलाईवाल्या काकूंकडून फुकट, खाली लावायला मांजरपाट कोल्हापूरजवळच्या गांधीनगरहून, आणि मधे जुना सुती टॉवेल. मधल्या थरासाठीचं विकतचं वॅडिंग घेत नाही, एक तर पैसे जातात आणि पॉलिस्टरचं निघालं तर गरम पातेल्याखाली वितळायची भीती. म्हणजे या सगळ्या उद्योगात माझा मोठा खर्च हा एकच, शिलाई मशीनला लावायचा साडेचारशेचा वॉकिंग फूट, त्यामुळं राग जरा जास्तच आलाय हे आधीच सांगते.

फूट म्हणजे सुईपाशी कापड वरून दाबून धरणारा भाग. साध्या फूटनं व्हायचं असं की मशीनचे दाते खालचं कापड ओढणार, वरचं फूटखाली अडकून घसरत राहणार आणि चौकोनाच्या टोकाला चुण्या. वॉकिंग फूटला वरूनही दाते असतात, तिन्ही थर सोबत सरकतात. पहिला महिना नाद खुळा. 14 नंबरची सुई, टाका 3 वर, ओळी पट्टी लावल्यासारख्या.

मग सुरू झालं सुईच्या स्क्रूचं. या फूटचा दांडा सुई घट्ट करायच्या स्क्रूवर बसतो, सुई वर गेली की तो दांडा उचलला जातो आणि त्यातनंच वरचे दाते चालतात. म्हणजे प्रत्येक टाक्याला त्या स्क्रूला हिसका. अर्ध्या तासात स्क्रू ढिला, सुई हातात. एकदा तर सुई दात्यांवर आपटून मोडली आणि तुकडा टॉवेलमधे, तो शोधण्यात अख्खी दुपार गेली. विक्रेत्याला फोटो पाठवले, मग म्हणे व्हिडिओ पाठवा, मग म्हणे दोष तुमच्या मशीनचा. पैसे परत नाहीत. तेव्हा दोन तारे दिले होते, रागानं.

आता ते बदलतेय. लक्ष्मीपुरीतल्या मशीन दुरुस्तीवाल्याकडं गेले तर त्यानं बघितलं आणि हसला, "ताई, बोटानं आवळताय होय? स्क्रू ड्रायव्हर लावा की." तीस रुपये घेतले तेवढ्याचे. पण दोन महिने सुई हलली नाही हे पण खरं. आणि काल? काल सुई बदलली तेव्हा स्क्रू ड्रायव्हर पोराच्या सायकलपाशी पडलेला, कोण उठतंय, बोटानंच आवळली. तरीपण साडेचारशे रुपयांच्या वस्तूबरोबर जो चित्रांचा कागद दिलाय त्यात ही एक ओळ छापायला काय झालं होतं?

बाकी थोडक्यात. रिव्हर्स मारू नका, माझे तर थर तिथंच गोळा झाले, मी दोन्ही टोकांना धागे मागं ओढून गाठ मारते. गोल गोल नक्षी याच्यानं जमत नाही, त्याला वेगळा फूट लागतो. आवाज खडखड येतो, सासूबाई दुपारी पडल्या की मी मशीन लावतच नाही. त्यांचं तर सरळ म्हणणं, "अगं वाकळंला कुठला आलाय फूट? आधी टाचून घे, मग धावदोरा घाल, हलतंय का बघ." वैताग म्हणजे त्यांचं निम्मं खरं निघालं. चार इंची कोस्टर आधी कच्च्या टाक्यानं टाचून घेतला तर साध्या फूटनंही चुणी पडत नाही, म्हणजे नुसते कोस्टर करणाऱ्यांनी हा घेऊच नये. पाऊचला मात्र लांब ओळी असतात, तिथं टाचूनसुद्धा साधा फूट घसरतोच, तिथं याला पर्याय नाही.

तीन तारे. आता ती शेवटची ओळ उसवायला घेतलीय, रविवारी नणंद येणार आणि तिला दोन्ही पॉटहोल्डर सारखेच हवेत.