मे महिन्यात माशाचं तेल मागवू नका : गुडघ्यांसाठी हळद, सालई आणि फिश ऑइल, नऊ महिन्यांचा अनुभव

माशाच्या तेलाचं पार्सल मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आलं. बाटली हलवून पाहिली तर आवाजच नाही. आत साठ कॅप्सूल म्हणजे खुळखुळायला पाहिजेत. झाकण काढून हातावर उलटी केली, काहीच पडलं नाही. विळीच्या टोकानं उकरलं तेव्हा दिसलं, पिवळ्या कॅप्सूलचा एकच गोळा झाला होता. काही फुटल्या होत्या, तेल तळाला चिकटलं होतं. सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "जवसाचा वास येऊन राह्यला व, खवट."

त्या तुळशीची माळ घालतात, मासोळीला कधी शिवल्या नाहीत. पण वास बरोबर ओळखला. हा अनुभव लिहायला मी त्यामुळेच बसले.

माझं वय ४९. वेचणी, निंदण, चुलीपुढचं बसणं, यात दोन्ही गुडघ्यांची वाटी झिजली. एक्सरे झाला, डॉक्टर झीज म्हणाले. मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून खात होते. पोटात आग व्हायला लागली आणि बीपीही आहे, म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांनी त्या कमी करायला लावल्या. मग नोव्हेंबरपासून हळदीच्या कॅप्सूल आणि फिश ऑइल, फेब्रुवारीपासून सालईच्या डिंकाच्या गोळ्या. या तिन्ही गोष्टी डॉक्टरांना दाखवून सुरू केल्या.

हळदीबद्दल आधी माझं मत एकदम वेगळं होतं. आमचा वर्धा जिल्ह्यातला समुद्रपूर तालुका, वायगावची हळद शेजारचीच. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला कामाचा घटक, सहा टक्क्यांच्या आसपास सांगतात. घरात अशी हळद असताना बाटलीला पैसे का द्यायचे, असं मी सगळ्यांना सांगत होते. मग एक दिवस वहीत हिशेब मांडला. चहाचा चमचा भरून हळद म्हणजे तीन ग्रॅम, त्यात सहा टक्क्यांनी १८० मिलिग्रॅम कर्क्युमिन. गुडघ्याच्या अभ्यासांत दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम अर्क दिलेला असतो. म्हणजे रोज साडेपाच चमचे. भाजीत एवढी हळद कोण खाणार? कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम अर्क, ९५ टक्के कर्क्युमिनॉइड. तेव्हा मी माझा शब्द मागे घेतला.

कर्क्युमिन अंगाला फार कमी लागतं, म्हणून त्यात मिरीचा अर्क घालतात. १९९८ च्या बंगळुरूच्या अभ्यासात दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतलं वीस मिलिग्रॅम पिपरिन दिल्यावर माणसांत शोषण वीस पटीनं वाढलेलं दिसलं. पण मिरीवाल्या अर्कानं काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. डॉक्टरांनी माझं रक्त तपासून घेतलं आणि तीन महिन्यांनी कॅप्सूल थांबवल्या. फरक होता, थोडासा. सकाळी उठताना गुडघा धरायचा ते जरा कमी झालं.

आता फिश ऑइल. बाटलीवर मोठ्या अक्षरात १००० मिलिग्रॅम. मागच्या बाजूला बारीक अक्षरात ईपीए १८०, डीएचए १२०, ही माशाच्या तेलातली दोन ओमेगा-३. कामाचं तेवढंच, ३००. आमवाताच्या रुग्णांना ज्या मात्रेनं दुखण्याच्या गोळ्या कमी करता आल्या, ती दिवसाला २७०० च्या वर. म्हणजे अशा नऊ कॅप्सूल. साठची बाटली ६४९ रुपयांना, म्हणजे दिवसाचे ९७ रुपये. आमच्याकडे बाईची निंदणाची मजुरी तीनशे आहे. मी दोनच घेत होते आणि माझा तर आमवातही नाही, झीज आहे. सहा महिन्यांत त्यानं मला काय दिलं ते सांगता येत नाही.

पण माझा राग पैशांपेक्षा कॅप्सूल चिकटून झालेल्या त्या गोळ्यावर जास्त आहे. बाटलीवर लिहिलंय, २५ अंशांखाली ठेवा. पार्सल तालुक्याच्या कुरिअरवाल्याकडे टिनाखाली चार दिवस पडून होतं. वर्ध्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो, टिनाखाली तर विचारूच नका. कस्टमर केअरला फोन केला. फोटो पाठवा. पाठवले. मग म्हणाले, बाटली उघडली आहे, परत घेता येणार नाही. उघडल्याशिवाय आतला गोळा दिसणार कसा? तिसऱ्या फोनवर म्हणाले, साठवणुकीच्या सूचना पाळल्या नाहीत. बाटली माझ्या हातात येऊन दहा मिनिटं झाली होती! शेवटी दोनशे रुपयांचं कूपन आलं, पुढच्या खरेदीवर. ते मी वापरलं नाही, वापरणारही नाही. मालगाडीभर माल विदर्भात पाठवायचा आणि विदर्भाचा उन्हाळा माहीत नाही म्हणायचं, हे मला पटत नाही.

सासूबाईंनी जवसाचं नाव घेतलं ते खरंच होतं. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३ असतं. ते माशातल्यासारखं नाही, अंगात गेल्यावर त्याचं ईपीए फार थोडं बनतं. पण दोन्ही तेलं एकाच कारणानं लवकर खवट होतात. सूज उतरवायला उपयोगी पडणारं हेच ओमेगा-३ ऊन आणि हवा लागली की आधी बिघडतं. जवसाची चटणी आम्ही उन्हाळ्यात आठ दिवसांपुरतीच कुटतो, ती याचसाठी. कंपनीला जे कळलं नाही ते आमच्या उखळाला माहीत आहे.

सासूबाईंचेही गुडघे दुखतात. मी तेल घ्या म्हटलं तर म्हणाल्या, "माळकरी बाईनं मासोयीचं तेल कसं घ्यावं माय?" मासे ते ओमेगा-३ स्वतः करत नाहीत, समुद्रातल्या शेवाळातून ते माशांत येतं. शेवाळाचं तेलही मिळतं, ते त्यांना चालेल. किंमत दुपटीच्या वर आहे, कॅप्सूलचं वेष्टण जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडाकातड्याचं नाही ना तेही पाहावं लागतं. अजून घेतलं नाही.

खरा गुण आला सालईनं. मेळघाटाकडच्या जंगलातलं हे झाड, त्याचा डिंक आपण धुपात जाळतो. दुखण्याच्या गोळीहून त्याचा मार्ग वेगळा. सूज वाढवणाऱ्या ५-लिपॉक्सिजनेज नावाच्या विकराला (एन्झाइमला) तो अडवतो. नागपूरच्या डॉक्टरांनी गुडघ्याच्या ३० रुग्णांवर करून पाहिलेला अभ्यास २००३ साली छापून आला. दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकला, चालणं वाढलं. एक्सरेत मात्र काही बदल नाही. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं, झीज भरून येणार नाही म्हणून. मला फरक सहाव्या आठवड्यात कळला, जेव्हा पायरीला हात न टेकता देवळात चढले.

जूनमध्ये पेरणीच्या धांदलीत तीन आठवडे गोळी राहिली. दुखणं परत आलं. कामही जास्त होतं, हे मान्य. पुन्हा सुरू केली, जुलैअखेर बरं वाटलं. फिश ऑइल मेपासून बंदच आहे, त्यानं काही अडलं नाही.

कोणी रक्त पातळ करायची गोळी घेत असेल तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आमच्या ह्यांना ती चालू आहे, म्हणून त्यांना मी एकही दिली नाही. आणि माशाचं तेल घ्यायचंच असेल तर दिवाळीनंतर मागवा, फेब्रुवारीपर्यंत संपेल एवढंच. बाटली हातात आली की कुरिअरवाल्यासमोरच हलवून पाहा.