एकट्या टेक्निकल रायटरसाठी ‘वेल’

ज्या संस्थेत डेव्हलपर अनेक आणि त्यांच्या कामाविषयी लिहिणारा टेक्निकल रायटर एकच असतो, तेथे मसुद्यावरून दुसऱ्या लेखकाची नजर कधी फिरत नाही. डेव्हलपर मजकूर तपासतात, पण तो कमांड आणि पॅरामीटर बरोबर आहेत का एवढ्यापुरताच. एकाच गोष्टीला पहिल्या पानावर एक नाव आणि तिसऱ्या पानावर दुसरे नाव दिले गेले तरी त्यांना खटकत नाही, कारण दोन्ही नावे त्यांच्या रोजच्या बोलण्यातली असतात. ही उणीव भरून काढण्यासाठी मी ‘वेल’ (Vale) हे मुक्तस्रोत साधन वापरते.

‘वेल’ हा कमांड लाइनवर चालणारा, गद्य तपासणारा लिंटर, म्हणजे ठरवलेल्या नियमांत न बसणारा मजकूर दाखवून देणारा प्रोग्राम आहे. मार्कडाउन, आस्कीडॉक, रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट अशा स्वरूपांतील मजकूर तो वाचतो, कोडचे तुकडे वगळतो आणि प्रत्येक आक्षेपाला सूचना, इशारा किंवा चूक यांपैकी एक दर्जा देतो. तपासणी आपल्याच संगणकावर होत असल्यामुळे अप्रकाशित उत्पादनाचा मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर जात नाही.

गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या इंग्रजी लेखनशैलीवर आधारलेले नियमसंच आयते मिळतात, मात्र ते सरसकट चालू करू नयेत. जुन्या दस्तऐवजावर इशाऱ्यांचा असा पाऊस पडतो की खरी चूक त्यातच वाहून जाते. (या नियमसंचांचा कर्मणी प्रयोगावरचा रोष तर अनाठायी वाटतो, फाइल हटवली गेली हे सांगताना ती कोणी हटवली, याच्याशी वाचकाला अनेकदा कर्तव्यच नसते.)

खरा लाभ स्वतः लिहिलेल्या नियमांत आहे. नको असलेला शब्द, त्याच्या जागी हवा असलेला शब्द आणि दाखवायचा संदेश, एवढे याम्ल या साध्या मजकूर-स्वरूपातील फाइलमध्ये मोजक्या ओळींत मावते. त्या संदेशात मी निर्णयाचे कारणही लिहून ठेवते, कारण एकट्याने घेतलेला निर्णय सहा महिन्यांनी आपल्यालाच आठवत नाही आणि ज्याला विचारावे असा दुसरा साक्षीदार नसतो. नियम रिपॉझिटरीतच, म्हणजे सर्वांच्या सामायिक फाइलसाठ्यातच असल्याने डेव्हलपरने पाठवलेल्या मजकुरालाही ते लागू होतात, आणि शब्द बदलायला सांगण्याचा वाईटपणा परस्पर यंत्राकडे जातो.

मर्यादा मात्र मोठी आहे. संक्षेपाचे पूर्ण रूप मजकुरात दिले आहे का, हे ‘वेल’ला तपासता येते, ते पूर्ण रूप नवख्या माणसाला कळेल का, हे नाही. कृतीतील एखादी पायरीच गाळली गेली, तरी उरलेली वाक्ये नियमांत बसत असल्यास तो काहीही बोलत नाही. म्हणून निर्दोष ठरलेला मसुदा मी ग्राहक-साहाय्य विभागातील सहकाऱ्यापुढे ठेवते. त्याने सूचना शब्दशः पाळाव्यात आणि मी मध्ये तोंड घालू नये, एवढीच अट असते. तो ज्या ओळीवर अडतो, तिच्यावर ‘वेल’चा बहुधा एकही आक्षेप नसतो.