गिल्ड वॉर्स २ : आधी काय विकत घ्यावे

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या भाच्याने गिल्ड वॉर्स २ हा ऑनलाइन खेळ खेळायला घेतला आणि चौथ्याच दिवशी कोल्हापुराहून त्याचा फोन आला, "मामा, माझ्याकडे ओवाळणीचे पैसे आहेत, यातले आधी काय घेऊ?" मी हा खेळ अनेक वर्षे खेळतो आहे आणि त्याचा जवळजवळ प्रत्येक भाग वेगवेगळ्या वेळी पैसे मोजून घेतलेला आहे, तरीही त्या प्रश्नाचे उत्तर मला एका वाक्यात देता आले नाही. २०१२ साली आलेल्या या खेळात आज सहा मोठी एक्सपान्शन (मूळ खेळाला जोडले जाणारे, वेगळे विकत घ्यायचे भाग), 'लिव्हिंग वर्ल्ड' या नावाने निघालेले कथेचे अनेक हंगाम आणि जेम्स या खेळातल्या चलनावर चालणारे भलेमोठे दुकान असा पसारा आहे. नव्या माणसाने दुकानाचे पान उघडले की सर्वांत नवा भाग सर्वांत वर दिसतो आणि हात साहजिकच तिकडे जातो. माझ्या मते तो क्रम उलटा आहे, आणि तसे का वाटते हे मला सविस्तर सांगायचे आहे.

पहिला सल्ला असा की सुरुवातीला काहीच घेऊ नये. एरिनानेट या कंपनीने २०१५ साली मूळ खेळ सर्वांसाठी मोफत केला. त्यात पाच वंश, थेट ८० व्या लेव्हलपर्यंतचा प्रवास, टायरिया या खेळातल्या जगाचे सगळे मूळ नकाशे आणि झायटन या ड्रॅगनशी होणाऱ्या लढाईपर्यंतची कथा एक पैसा न देता मिळते. लिव्हिंग वर्ल्डचा पहिला हंगामही २०२२ मध्ये नव्याने बांधून सर्वांना मोफत देण्यात आला. खेळाला मासिक वर्गणी नाही, त्यामुळे आज घेतले नाही तर महिना वाया गेला असे इथे कधीच होत नाही. मोफत खात्यावर काही बंधने जरूर आहेत : दोनच पात्रे करता येतात, टपालातून कोणाला सोने किंवा वस्तू पाठवता येत नाहीत, बाजारात मोजक्याच वस्तूंची खरेदी-विक्री करता येते. ही बंधने टोचतात, पण ती टोचू लागेपर्यंत खेळ आपल्याला रुचतो की नाही याचा निकाल लागलेला असतो, आणि तो निकाल लागण्याआधी खर्च करण्यात मला अर्थ दिसत नाही.

मात्र पैसे द्यायच्या आधी एक निर्णय पक्का करावा लागतो आणि त्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. गिल्ड वॉर्स २ ऑगस्ट २०२२ मध्ये स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानावर आला, पण स्टीमवर उघडलेले खाते आणि एरिनानेटच्या संकेतस्थळावर उघडलेले खाते ही दोन स्वतंत्र खाती राहतात आणि ती नंतर एकमेकांना जोडता येत नाहीत. संकेतस्थळावरच्या खात्यात मूळ खेळ खेळून ८० वी लेव्हल गाठली आणि मग एक्सपान्शन स्टीमवर स्वस्त दिसले म्हणून तिथे घेतले, तर ते त्या पात्राला लागू होणार नाही. आपल्याकडच्या खेळाडूला स्टीमची सोय अशी की किंमत रुपयांत दिसते आणि यूपीआयने पैसे भरता येतात; संकेतस्थळावर परदेशी व्यवहाराला चालणारे कार्ड लागते, जे विद्यार्थ्यांकडे बहुधा नसते. म्हणून भारतातून नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिल्या दिवसापासून स्टीमवरच खाते उघडावे असे मी सांगेन. भाच्याने नशिबाने तसेच केले होते. खाते उघडतानाच अमेरिकेतल्या सर्व्हरवर खेळायचे की युरोपातल्या हेही ठरवायचे असते. इथून युरोप जवळ पडतो आणि त्याने लढाईतल्या हालचालींत जाणवण्याइतका फरक पडतो.

आता खरी खरेदी. माझे ठाम मत आहे की पहिले पैसे 'हार्ट ऑफ थॉर्न्स' आणि 'पाथ ऑफ फायर' या जोडीवर खर्च करावेत. २०१५ आणि २०१७ सालची ही दोन एक्सपान्शन आता एकत्रच विकली जातात आणि वर्षातून अनेकदा सवलतीत निघतात, त्यामुळे थोडा धीर धरला तर एकाच्या किमतीहून कमी पैशांत दोन्ही पदरात पडतात. पण स्वस्ताई हे माझ्या मताचे मुख्य कारण नाही. या खेळातली मोठी प्रगती शस्त्रांच्या आकड्यांत होत नाही, कारण लेव्हलची मर्यादा २०१२ पासून आजवर ८० च राहिली आहे आणि २०१३ मध्ये आलेले सर्वोच्च दर्जाचे चिलखत आजही तितकेच बळकट आहे. प्रगती होते ती आपण जगात कसे फिरतो यात. हार्ट ऑफ थॉर्न्सने हवेत तरंगत जायला ग्लायडर दिला, पाथ ऑफ फायरने माउंट, म्हणजे वर बसून फिरायचे प्राणी, दिले, आणि या दोन गोष्टींनी नंतरचा सगळा खेळ बदलून टाकला.

माउंट हाती येण्याचा क्षण मला अजून आठवतो. पाथ ऑफ फायरची कथा सुरू झाली की क्रिस्टल ओएसिसच्या वाळवंटात थोड्याच वेळात रॅप्टर मिळतो, आणि त्याची पहिली लांब उडी मारताना ज्या दरीला वळसा घालायला मघाशी दोन मिनिटे लागली होती ती आपण एका झेपेत ओलांडतो. पुढे डेझर्ट हायलँड्समध्ये उंच उडी घेणारा स्प्रिंगर, एलोन रिव्हरलँड्समध्ये पाण्यावरून तरंगत जाणारा स्किमर आणि डेसोलेशनमध्ये क्षणात अंतर कापणारा जॅकल असे एकेक प्राणी मिळत जातात. प्रत्येक प्राण्याची चाल इतकी वेगळी आणि इतक्या काळजीने घडवलेली आहे की वळताना स्किमर कसा कलतो आणि धावत्या रॅप्टरला थांबवताना तो कसा घसरत जातो, हे हातांना कळते. हे प्राणी मूळ खेळाच्या जुन्या नकाशांतही वापरता येतात, त्यामुळे पायी तुडवून कंटाळा आलेला प्रदेश पुन्हा हिंडावासा वाटतो. ग्रिफन हा उडणारा प्राणीही याच एक्सपान्शनमध्ये आहे, पण त्यासाठी खेळातले २५० सोने मोजावे लागते आणि नव्या खेळाडूने त्या रकमेच्या मागे लागून पहिला महिना दवडू नये.

हार्ट ऑफ थॉर्न्सचे जंगल मात्र अनेकांना आवडत नाही, आणि त्यांची तक्रार मला समजते. व्हर्डंट ब्रिंक आणि विशेषतः टँगल्ड डेप्थ्स हे नकाशे एकावर एक तीन मजले रचल्यासारखे आहेत. ध्येय नकाशावर अगदी पायाखाली दिसते आणि तिथे पोहोचायला अर्धा तास भुयारांत फिरावे लागते. तरीही हे एक्सपान्शन वगळू नये, आणि याचे कारण ऑरिक बेसिनमधले तारीर हे सोन्याचे शहर आहे. तिथे दर दोन तासांनी एक लढाई होते, जी आपल्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी साडेआठला आणि मग साडेदहाला येते. जेवणे उरकून बसायला साडेआठची वेळ सोयीची पडते. शहराच्या चार वेशींवर चार राक्षसी वेली चढून येतात, जमलेले खेळाडू चार तुकड्यांत विभागले जातात आणि चारही वेली जवळपास एकाच वेळी पाडाव्या लागतात. एक मागे राहिली तर बाकीच्या पुन्हा उभ्या राहतात. म्हणून लवकर काम उरकलेली तुकडी वेल अगदी थोडी जिवंत ठेवून थांबते, चॅटमध्ये "उत्तर दहा टक्के, पूर्व तीस" असे निरोप धावू लागतात आणि मग एकाच इशाऱ्यावर सगळे तुटून पडतात. एकमेकांचे नावही माहीत नसलेली पाऊणशे माणसे इतक्या शिस्तीने काम करताना मी दुसऱ्या कोणत्याही खेळात पाहिलेली नाहीत. लढाई जिंकली की शहराखालचे तळघर उघडते आणि तिथल्या पेटाऱ्यांतून जे मिळते त्यावर नव्या खेळाडूची पुढची कित्येक दिवसांची बेगमी होते.

या जोडीबरोबर एखादे पात्र थेट ८० व्या लेव्हलला नेणारी भेटवस्तू मिळते. ती पहिल्या पात्रावर वापरू नये, असे मी भाच्याला दोनदा बजावले. लेव्हल वाढताना एकेक कौशल्य उघडत जाते आणि ते हाताला बसायला वेळ मिळतो. एकदम ८० वर गेलेला खेळाडू पडद्यावरच्या बटणांकडे पाहत राहतो आणि जंगलातल्या पहिल्याच टोळीकडून मार खातो. ती भेट दुसऱ्या पात्रासाठी राखून ठेवावी.

यानंतरची खरेदी लिव्हिंग वर्ल्डची असावी, आणि ती भाग पाहून करावी. ज्या काळात एखादा भाग नव्याने निघाला तेव्हा ज्यांनी खेळात नुसता प्रवेश केला त्यांना तो फुकट मिळाला होता. उशिरा आलेल्यांना प्रत्येक भागाला २०० जेम्स मोजावे लागतात. दहा डॉलरला ८०० जेम्स मिळतात, म्हणजे एक भाग अडीच डॉलरचा झाला. पण इथे एक मोठी सोय आहे : खेळात कमावलेले सोने देऊन जेम्स घेता येतात. म्हणून एक्सपान्शन खऱ्या पैशांनी घ्यावे आणि हे भाग खेळातल्या सोन्यातून हळूहळू उघडावेत, ही रीत मला सर्वांत योग्य वाटते. दुसरा हंगाम मूळ कथा आणि हार्ट ऑफ थॉर्न्स यांना जोडतो. ज्याला कथेची ओढ आहे त्याने तो जंगलात शिरण्याआधी घ्यावा, नाहीतर मॉर्ड्रेमॉथ नावाचे संकट कुठून आले हे कळतच नाही. तिसरा हंगाम व्यवहाराच्या दृष्टीने जास्त मोलाचा आहे, कारण त्याच्या सहा नकाशांवर मिळणाऱ्या स्थानिक चलनातून सर्वोच्च दर्जाच्या अंगठ्या आणि माळा सहज घेता येतात. त्यातला बिटरफ्रॉस्ट फ्रंटियर हा बर्फाळ नकाशा तेवढाच आधी घेतला तरी चालेल. चौथ्या हंगामात गडगडत वेगाने पळणारा रोलर बीटल आणि शेवटच्या भागात स्कायस्केल हा उडणारा प्राणी मिळतो. तिसऱ्या हंगामाला हार्ट ऑफ थॉर्न्स आणि चौथ्याला पाथ ऑफ फायर खात्यात असावे लागते, म्हणूनही वरची जोडी पहिली.

स्कायस्केलचा विषय निघाला की 'सिक्रेट्स ऑफ द ऑब्स्क्युअर' या २०२३ च्या एक्सपान्शनबद्दल बोलावे लागते. चौथ्या हंगामाच्या वाटेने स्कायस्केल मिळवायचा तर कित्येक दिवसांचा खटाटोप आहे, तर या एक्सपान्शनमध्ये तो कथेच्या सुरुवातीच्या टप्प्यातच हाती येतो. भिंतीला चिकटून वर चढणारा आणि हवेत एका जागी थांबणारा हा प्राणी इतका उपयुक्त आहे की अनेक जुने खेळाडू नव्यांना हेच पहिले घ्यायला सांगतात. ज्याला आठवड्यातून दोन-तीन तासच मिळतात त्याच्यासाठी हा सल्ला बरोबर आहे, हे मी मान्य करतो. पण ज्याच्याकडे वेळ आहे त्याने स्कायस्केल पहिल्या महिन्यात घेतला की रॅप्टर, स्प्रिंगर आणि जॅकल शिकण्याची गरजच उरत नाही, आणि ज्या नकाशांची प्रत्येक कडा त्या त्या प्राण्यासाठी कोरलेली आहे ते वरून उडून पार होतात. शिवाय या एक्सपान्शनची कथा आधीचे सगळे घडून गेल्यानंतर सुरू होते.

२०२२ चे 'एंड ऑफ ड्रॅगन्स' मी तिसऱ्या मोठ्या खरेदीच्या जागी ठेवतो. कँथाचा प्रदेश, त्यातले न्यू काइनेंग हे उंच मनोऱ्यांचे शहर, होडीत बसून शांतपणे मासे पकडणे आणि पात्राच्या प्रत्येक लढाऊ व्यवसायाला मिळालेली एक नवी विशेष शाखा, हे सगळे उत्तम आहे. सीज टर्टल नावाच्या कासवावर दोन खेळाडू एकत्र बसतात, एक चालवतो आणि दुसरा तोफा डागतो. ठाणे-कोल्हापूर असे अंतर असलेल्या मामा-भाच्याला याहून बरे काय हवे. ते कासव मिळवायला बरीच मेहनत आहे, म्हणून आम्ही ते पुढच्या सुट्टीवर टाकले आहे. २०२४ च्या 'जँथिर वाइल्ड्स'मध्ये जमिनीवर वापरायचा भाला आणि स्वतःचे घर सजवण्याची सोय आहे, आणि २०२५ च्या 'व्हिजन्स ऑफ इटर्निटी'ने पुन्हा नव्या विशेष शाखा आणल्या. दोन्ही चांगली आहेत आणि दोन्ही नंतर घेतली तरी चालतात.

जेम्सच्या दुकानात पोशाख आणि माउंटचे रंग पाहून मन फार लवकर पाघळते. मी स्वतः पहिले ८०० जेम्स एका अंगरख्यावर घातले आणि पुढचे वर्षभर भरलेल्या पिशव्या रिकाम्या करत बसलो. त्याच ८०० जेम्सना 'कॉपर-फेड सॅल्व्हेज-ओ-मॅटिक' मिळते : टाकाऊ हत्यारे मोडून कच्चा माल काढणारे, कधीही न संपणारे यंत्र, जे दर वापराला फक्त तीन तांबे घेते. रोज खेळणाऱ्या माणसाच्या डोक्यावरचा किती भार यामुळे हलका होतो हे ते घेतल्याशिवाय कळत नाही. त्यानंतर पिशवीची एखादी जादा जागा किंवा बँकेचा एक कप्पा घ्यावा. ब्लॅक लायन पेटाऱ्यांच्या किल्ल्या मात्र पैसे देऊन कधीही घेऊ नयेत. त्यातून काय निघेल हे सर्वस्वी नशिबावर असते आणि ओवाळणीचे पैसे त्यासाठी नसतात.

भाच्याने शेवटी जोडी घेतली, तीही सवलत लागेपर्यंत थांबून. परवा साडेआठला तो तारीरच्या दक्षिण वेशीवर माझ्या शेजारी उभा होता. त्याच्याकडे अजून फक्त रॅप्टर आहे, आणि बिटरफ्रॉस्टसाठी लागणाऱ्या २०० जेम्सपुरते सोने साठवायला त्याने सुरुवात केली आहे.