टेस्ट राइडला गाडी ठीक होती

मोटारसायकलचे हँडल वेगात थरथरते, या एकाच तक्रारीवर मी दोन महिन्यांत एका गॅरेजला ११,२५० रुपये दिले आणि थरथर जशीच्या तशी राहिली. गॅरेजचे नाव येथे देत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेले नाही. पण फसवणूक कशी झाली हे सविस्तर सांगणे आवश्यक वाटते. ती केवळ खोट्या पावतीची नव्हती. दोष न काढता तो काही दिवस दडवता येतो, याचा फायदा घेऊन ती केलेली होती.

मी नागपूरच्या मनीषनगरला राहतो आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या देखभाल विभागात काम करतो. वर्धा मार्गाने रोजचे जाणे-येणे मिळून पन्नासेक किलोमीटर होते. गाडी १५० सीसीची, नऊ वर्षांची, एकहाती वापरलेली. दिवाळीनंतर एका सकाळी जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमजवळ, समोर ट्रक असल्यामुळे मी ऍक्सिलरेटर सोडला आणि काटा सत्तरवरून साठकडे येत असताना हँडल डावी-उजवीकडे झटपट हलू लागले. हात सैल होते म्हणून ते चांगलेच जाणवले. घट्ट धरल्यावर थांबले. पुढचे काही दिवस ते रोज त्याच वेगाला होऊ लागले.

सहकाऱ्याने सुचवलेल्या गॅरेजमध्ये गाडी नेली. मालकाने ती चालवून पाहिली नाही की पुढचे चाक उचलून पाहिले नाही. हँडल धरून पुढचा ब्रेक दाबला, गाडी दोनदा मागेपुढे केली आणि निदान सांगून टाकले, "साहेब, गाडी पडली असन कधी. शॉकअपचे पाइप वाकले." गाडी पडलेली नव्हती, हे मी सांगितले, त्यावर तो नुसता हसला. दोन्ही पाइप (पुढच्या चाकाच्या दोन बाजूंच्या शॉकअपच्या नळ्या), ऑइल सील, ऑइल आणि मजुरी मिळून ६,४०० रुपये झाले. जुने पाइप मागितले तर ते भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले. वाकलेला पाइप काचेच्या तुकड्यावर गडगडवून पाहिला की क्षणात ओळखू येतो, त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. तेवढे माझ्यासमोर करून दाखवा, असे मी म्हणायला हवे होते.

गाडी घेताना मालकानेच आग्रहाने टेस्ट राइड घ्यायला लावली. रिंग रोडवर सत्तरपर्यंत नेली, हात सैल सोडून पाहिला, गाडी अगदी शांत होती. मी आनंदाने यूपीआयवरून पैसे दिले. ती टेस्ट राइड हाच फसवणुकीचा मुख्य भाग होता, हे मला फार उशिरा कळले.

ते कळण्यासाठी थरथर का होते हे थोडे समजून घ्यावे लागते. आमच्या कारखान्यातील ढकलगाडीचे सुटे फिरणारे चाक जोरात ढकलल्यावर फडफडते, तोच प्रकार मोटारसायकलच्या पुढच्या भागात घडतो. चाक जमिनीवर टेकते तो बिंदू वळण्याच्या अक्षाच्या थोडा मागे असतो, म्हणून ते आपोआप सरळ होऊ पाहते. पण सरळ होताना थोडे पलीकडे जाते, पुन्हा परत येते, आणि या हेलकाव्याला आवर घालणारे काही नसेल तर तो सेकंदाला चार ते दहा वेळा, असा चालू राहतो. आवर घालण्याचे काम टायर, चालकाचे हात आणि हँडलच्या बुडाशी असलेला कोनसेट यांच्याकडे असते. कोनसेट म्हणजे वर एक आणि खाली एक अशा वाट्यांच्या जोड्या आणि त्यांत बसणारे छर्रे. गाडी बहुतेक वेळ सरळच चालत असल्यामुळे खड्ड्यांचे आणि स्पीडब्रेकरचे धक्के बसताना छर्रे नेमके त्याच जागी आपटतात आणि वाटीत त्यांचे खळगे पडतात. ग्रीस वाळलेले असेल आणि सेट थोडा सैल असेल, तर हे आणखी लवकर होते.

आता गंमत अशी, की असा झिजलेला कोनसेट वरच्या नटने करकचून आवळला, तर हँडल जड होते आणि त्या घर्षणामुळेच थरथर दबते. दोष तेथेच असतो, खळगे उलट अधिक खोल होत जातात. पण आठ-पंधरा दिवस तक्रार राहत नाही. त्या काळात ग्राहक पैसे देऊन निघून गेलेला असतो.

माझ्याही बाबतीत तसेच झाले. पहिल्या दुरुस्तीनंतर महामार्गावर गाडी शांत होती, परंतु छत्रपती चौकाच्या गर्दीत हळू चालवताना ती दारू प्यायल्यासारखी झोके घेई आणि सरळ ठेवण्यासाठी हँडल सतत सावरावे लागे. कोनसेट अति आवळल्याचे हे ठळक लक्षण आहे. पंपाच्या आवाजावरून बेअरिंग गेले आहे हे ओळखणारा मी, स्वतःच्या गाडीची ही खूण मात्र "नवीन पाइप आहेत, बसतील" म्हणून सोडून दिली. दोन आठवड्यांनी जामठ्याजवळच थरथर परतली.

दुसऱ्या वेळी मालकाने कोनसेट गेल्याचे सांगितले. गाडी देण्याच्या आदल्या रात्री मी सहज सवयीने एक गोष्ट केली. कारखान्यात महत्त्वाचा नट कसल्यावर त्यावर आणि शेजारच्या भागावर मिळून रंगाची एक रेघ ओढतात. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. घरी रंग नव्हता, म्हणून मुलीच्या लाल नेलपॉलिशने वरच्या टीच्या, म्हणजे शॉकअपचे दोन्ही पाइप वरून जोडणाऱ्या पट्टीच्या, मधल्या बोल्टवर तशी रेघ ओढली. हा बोल्ट काढल्याशिवाय टी निघत नाही आणि टी काढल्याशिवाय कोनसेट बाहेर येत नाही. संध्याकाळी कच्ची पावती मिळाली: "कोनसेट नवीन १,१००, ग्रीस १५०, मजुरी ६००". एकूण १,८५०. पुन्हा टेस्ट राइड, पुन्हा शांत गाडी. रेघ पाहायची राहून गेली, कारण अंधार झाला होता आणि माझा विश्वास बसलेला होता.

तीन आठवड्यांनी तिसरी फेरी. आता चेसिस वाकल्याचा शोध लागला. इंजिन उतरवून चेसिस प्रेसवर सरळ करावी लागेल, ९,००० रुपये होतील, ३,००० आगाऊ द्या, असे सांगण्यात आले. मी ३,००० दिले, पण गाडी दोन दिवसांनी आणतो म्हणून घरी घेऊन आलो. रविवारी धुताना लाल रेघ दिसली. बोल्टपासून टीपर्यंत ती अखंड होती, कोठे केसाएवढीही तडकलेली नव्हती. तिच्याखाली, टीच्या आतल्या बाजूला जो गोल खाचांचा नट असतो, त्याच्या खाचांवर मात्र छिन्नीचे ताजे, चकचकीत घाव होते. टी न काढता, वरून ठोकून नट आवळलेला होता. १,१०० रुपयांचा कोनसेट गाडीत कधी गेलाच नव्हता. मोबाइलवर फोटो आणि व्हिडिओ काढले आणि त्यानंतरच पुढची हालचाल केली.

महालमध्ये एक जुने मिस्त्री आहेत, माझ्या काकांच्या लुनापासूनचे. त्यांनी आधी गाडी डबल स्टँडवर घेतली, इंजिनखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचे चाक हवेत उचलले आणि मला म्हणाले, "भाऊ, दोन बोटांनी हँडल फिरवून पाहा, हळू." मी फिरवले. बरोबर मध्यावर, चाक सरळ होते त्या जागी, हँडल खट्कन एका खाचेत बसल्यासारखे अडले. थोडा जोर दिल्यावर सुटले आणि परत येताना पुन्हा तेथेच बसले. ही चाचणी कोणालाही दोन मिनिटांत करता येते. मग त्यांनी शॉकअपची खालची टोके धरून पुढेमागे ओढून पाहिली. तेथे खटखट लागली असती तर सेट सैल आहे असे ठरले असते. आमचा तर आवळलेलाच होता.

कोनसेट बाहेर काढला तेव्हा खालच्या वाटीत छर्ऱ्यांचे खळगे ओळीने दिसत होते, इतके स्पष्ट की नखाने मोजता येत होते. ग्रीस तपकिरी, वाळलेल्या चिकट मातीसारखे झालेले होते. पुढचा टायरही दोषी निघाला: त्याच्या नक्षीचे रबरी गुटके एकाआड एक खोल-उथळ झिजलेले होते आणि बाजूला छापलेल्या चार अंकांवरून, ज्यांत पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात, तो सात वर्षांचा असल्याचे कळले. चेसिस दोरी लावून तपासली; सरळ होती. चिमट्याच्या, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याच्या, बुशात खेळ नव्हता, चाकाचे बेअरिंग घट्ट होते. मागचा भाग त्यांनी मुद्दाम पाहिला, कारण जास्त वेगात पूर्ण गाडीच सावकाश सापासारखी वळवळत असेल तर दोष बहुधा चिमटा, मागचा टायर किंवा मागे लादलेले ओझे यांत असतो, आणि लोक उगाच हँडल खोलत बसतात.

दोन्ही बाजूंच्या वाट्या आणि छर्रे यांचा संपूर्ण सेट त्यांनी बदलला. फक्त छर्रे बदलून चालत नाही, हे त्यांनी न विचारता सांगितले. नट आधी थोडा घट्ट करून छर्रे बसवले, मग सैल करून अशा ठिकाणी आणला की हँडल मध्यातून जरासे ढकलले की आपल्या वजनाने दोन्ही बाजूंना पडेल. सेट ४५०, टायर १,९००, मजुरी ३५०. एकूण २,७०० रुपये. हवा पुस्तिकेप्रमाणे पुढे २५ आणि मागे २८ भरली. पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा दाखवायला सांगितले, कारण नवीन सेट बसला की किंचित सैल होतो.

कोणाची गाडी वाटेत अशी थरथरलीच, तर हँडलशी झुंजू नये आणि एकदम ब्रेक मारू नये. हात घट्ट पण कोपर सैल ठेवून ऍक्सिलरेटर हळूहळू सोडावा.

मी रेघेचे फोटो, व्हिडिओ आणि पावती घेऊन गॅरेजमध्ये गेलो. मालकाने आधी आवाज चढवला, मग पोराची चूक झाली म्हणून ३,००० रुपये परत केले. कोनसेटचे १,८५० आणि पाइपचे ६,४०० देण्यास त्याने नकार दिला. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तेथे न मिटल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे जाता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पाइप मात्र खरोखर वाकले होते की नाही हे सिद्ध करणे कठीण आहे, कारण जुना भाग माझ्याकडे नाही. कोनसेटच्या बाबतीत तसे नाही. खळगे पडलेल्या त्या वाट्या, त्याच वाळलेल्या ग्रीससकट, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टेबलाच्या खणात ठेवल्या आहेत, आणि मिस्त्रींनी त्या माझ्याच गाडीतून काढतानाचा व्हिडिओही सोबत आहे.