न्यू जर्सी की फ्लोरिडा: टायरीक हिलने काय पाहिलं, मी काय पाहिलं

भाच्याला दोन ऑफर आल्यात. एक न्यू जर्सीत, एक फ्लोरिडातल्या टॅम्पात. जर्सीवाले पगार जास्त देतायत, टॅम्पावाले ऊन. परवा फोनवर म्हणाला, "मामा, नुसता टॅक्स वाचवायला कोणी राज्य बदलतं का?" मी म्हटलं, अमेरिकन फुटबॉलवाल्या टायरीक हिलने बदललं. तो हसला. त्याच्या लेखी हिल म्हणजे कोटींत खेळणारा माणूस, त्याचा नि आपला काय संबंध?

संबंध आहे, पण सरळ नाही. मी २०२१ साली न्यू जर्सीतलं एडिसन सोडून टॅम्पात आलो. पुढच्याच वर्षी हिलने न्यू जर्सीत खेळणाऱ्या जेट्स संघाला नकार देऊन फ्लोरिडातलं मायामी धरलं, तेव्हा मला उगाचच बरं वाटलं होतं. दोघांनी निवड एकच केली. कारणं मात्र वेगळी निघाली, आणि भाच्यासारख्या ठरवणाऱ्याने नेमकं तेच बघायला हवं.

आधी हिलचं. मार्च २०२२ मध्ये त्याचा तेव्हाचा संघ, कॅन्सस सिटी, त्याला सोडायला तयार झाला, तेव्हा जेट्स आणि डॉल्फिन्स (मायामीचा संघ) या दोघांशीही त्यांचा सौदा जमल्यात जमा होता. कुठे जायचं हे हिलच्या हातात होतं. तो मायामीला गेला, चार वर्षांचे १२ कोटी डॉलर ठरले. जेट्सकडे जाणं अगदी होता होता राहिलं आणि राज्याच्या करामुळे पारडं फिरलं, हे त्याने नंतर स्वतःच उघड सांगितलं. खेळाडू सहसा असं बोलत नाहीत. त्यांचं ठरलेलं उत्तर असतं: कोच आवडले, गाव आवडलं, घरच्यांशी बोललो.

न्यू जर्सीत १० लाख डॉलरच्या वरच्या कमाईवर १०.७५ टक्के राज्यकर आहे. फ्लोरिडात पगारावर शून्य. वर्षाला सरासरी ३ कोटी डॉलर धरले तर फरक ढोबळमानाने ३० लाखांच्या घरात जातो. (हा माझा कागद-पेन्सिलचा हिशेब. बोनस कधी आणि कसा दिला यावर तो बराच हलतो.) पूर्वी राज्याला भरलेला कर केंद्राच्या करपात्र उत्पन्नातून वजा व्हायचा, तेवढा दिलासा होता. २०१८ पासून त्या वजावटीला १०,००० डॉलरचं झाकण बसलं. २०२५ मध्ये ते आपल्यासारख्यांसाठी थोडं उचललं गेलं, पण बड्या कमाईवाल्यांसाठी जिथल्या तिथे आहे.

इथे कोणीतरी म्हणेलच की खेळाडू तर गावोगाव खेळतात, मग राहत्या राज्याचं एवढं काय? बरोबर आहे. जिथे खेळाल तिथलं राज्य आपला वाटा कापून घेतं. १९९१ च्या अंतिम मालिकेत शिकागोच्या बास्केटबॉल संघाने लॉस एंजेलिसला हरवलं, आणि कॅलिफोर्नियाने पाहुण्या खेळाडूंकडे कराची मागणी केली. मग इलिनॉयनेही उट्टं काढलं. आज तो प्रकार सगळीकडे रुळलाय. पण फुटबॉलमध्ये मोसमाचे सामने १७, त्यातले बाहेरचे आठ-नऊ, आणि संघ आदल्या दिवशी जाऊन सामना संपला की परत येतो. कर सामन्यांवर लागत नाही, कामाच्या दिवसांवर लागतो. जुलैअखेरच्या कॅम्पपासून रोजचा सराव, मीटिंगा, व्हिडिओ बघणं, सगळं धरलं तर बहुतेक दिवस घरच्या मैदानाच्याच राज्यात जातात. बेसबॉलवाल्याचे ८१ सामने बाहेर असतात, तिथे चित्र वेगळं. फुटबॉलवाल्याला घरचं मैदान कुठलं हेच जास्त भोवतं.

आणि एक गंमत. जेट्स आणि जायंट्स या दोन्ही संघांच्या नावात न्यू यॉर्क, पण मैदान ईस्ट रदरफर्डला, म्हणजे न्यू जर्सीत. जेट्सचा सरावही फ्लोरहॅम पार्कला, तेही जर्सीतच. त्यामुळे "न्यू यॉर्क"च्या खेळाडूच्या पगारावर न्यू यॉर्क राज्याचा हक्क जवळपास नाहीच, त्या राज्यातल्या बफेलोला सामना असेल तेव्हाचे दिवस सोडून. जायंट्स जर्सीतल्या मैदानावर उतरले १९७६ साली, आणि न्यू जर्सीने आयकर सुरू केला तोही १९७६ सालीच. योगायोग असेल, पण लक्षात राहण्यासारखा.

आता माझं. मी अगदी याच्या उलट होतो. एडिसनला राहायचो, नोकरी मॅनहॅटनच्या एका कन्सल्टिंग कंपनीत. आठवड्यातले दोन दिवस घरून काम. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असायचं. आई ज्या चौकटींत दुधाचे लिटर आणि कामवालीचे खाडे मांडायची, त्या चौकटींत मी "न्यू" आणि "घ" लिहायला लागलो. माझा भाबडा समज असा की घरच्या दिवसांचा कर जर्सीला, ऑफिसच्या दिवसांचा न्यू यॉर्कला. पहिल्याच वर्षी आमच्या सीपीएने (कराचं काम बघणाऱ्या हिशेबनीसाने) कॅलेंडरचा फोटो पाहिला आणि म्हणाला, हे सगळे "घ" पण "न्यू"च धरायचे. न्यू यॉर्कचा नियम असा आहे की कंपनी तिथली असेल आणि घरून काम तुम्ही तुमच्या सोयीने करत असाल, तर तो दिवस न्यू यॉर्कचा. आधी न्यू यॉर्कला भरा, मग जर्सीकडे जाऊन त्याचं क्रेडिट मागा. जर्सी क्रेडिट देते, पण आपल्या दरापुरतंच. वरचा फरक आपल्या खिशातून.

रक्कम फार मोठी नव्हती, खोटं कशाला बोलू? पण डोक्याला ताप. त्यात एका वर्षी दोन महिने अटलांटात क्लायंटकडे होतो, म्हणजे चौकटीत "अ" आलं आणि एप्रिलमध्ये तिसरं रिटर्न. सोमवारी संध्याकाळी विमान पकडलं तर तो दिवस कोणाचा? विमानतळावर बसून लॅपटॉप उघडला तर? बायको म्हणायची, दुधाचा हिशेब बरा, निदान दूधवाला एकच असतो.

कडेलोट झाला तो २०२० मध्ये. मार्चच्या मध्यानंतर मी न्यू यॉर्कला जाताना लागणारी हडसन नदी ओलांडलीच नाही. स्वयंपाकघरातल्या त्याच टेबलावर बसून, त्याच कॅलेंडरखाली, नऊ-साडेनऊ महिने काम केलं. चौकटीत ओळीने "घ, घ, घ". आणि हिशेबात ते सगळे "न्यू". माझे पाय जर्सीत, रस्ते, बर्फ, मुलीची शाळा सगळं जर्सीचं, पण दिवस दुसऱ्याचे. कराच्या दराबद्दल मी कधी कुरकुर केली नव्हती. पण जिथे गेलोच नाही तिथले दिवस माझ्या नावावर, हे काही पचेना. माणूस कशावरून तुटतो याचा नेम नसतो.

याच्याशी मिळतीजुळती एक केस फुटबॉलमध्येही आहे, म्हणून तर माझं लक्ष गेलं. क्लीव्हलँड शहर पाहुण्या खेळाडूंवर दिवस मोजून कर लावत नसे, सामने मोजून लावी. शिकागोच्या हंटर हिलनमायरचे तिथले दिवस वर्षाच्या कामाचे जेमतेम सव्वा टक्का, पण सामना वीसातला एक, म्हणून पाच टक्के कमाई क्लीव्हलँडची धरली गेली. इंडियानापोलिसचा जेफ सॅटर्डे तर दुखापतीमुळे क्लीव्हलँडला गेलाच नव्हता. घरीच राहून उपचार घेत होता, तरी कर कापला गेला. दोघे ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१५ मध्ये जिंकले. सॅटर्डेची गोष्ट वाचून मला माझं स्वयंपाकघर आठवलं. फरक एवढाच की त्याच्यामागे वकील होते, माझ्यामागे सीपीए, आणि तो म्हणाला, जाऊ द्या.

म्हणून टॅम्पाची ऑफर आली तेव्हा मी आधी पगार नाही, कंपनीचा पत्ता पाहिला. फ्लोरिडातली कंपनी, फ्लोरिडातलं ऑफिस. (न्यू यॉर्कचीच नोकरी ठेवून टॅम्पातून काम केलं असतं तर पुन्हा तेच "न्यू" पाठीशी राहिले असते. हे लोकांच्या लक्षात येत नाही.) पगार साधारण १० टक्के कमी होता. कर वजा जाता हातात पडणारी रक्कम जवळजवळ तेवढीच. म्हणजे पैशांच्या दृष्टीने मी काहीच कमावलं नाही. कमावली ती कॅलेंडरातली मोकळी चौकट.

हिलमध्ये आणि आपल्यात खरा फरक इथे आहे, आणि तो कमाईच्या आकड्यातला नाही. आपल्या बाजारात कंपन्या हुशार असतात. कर नसलेल्या राज्यात पगार थोडा कमी देतात, जर्सीत थोडा जास्त, आणि फरक बराचसा भरून निघतो. फुटबॉलमध्ये तसं करायला हात बांधलेले. प्रत्येक संघाला पगारासाठी मर्यादा सारखीच, २०२५ च्या मोसमात २७ कोटी ९२ लाख डॉलर. जेट्सना जर्सीचा कर भरून काढायला एखाद्याला जास्त द्यायचं तर ते त्याच मर्यादेतून, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या ताटातून. मायामीचा डॉलर आणि जर्सीचा डॉलर मर्यादेच्या वहीत सारखे दिसतात, खेळाडूच्या खात्यात नाही. माझ्या मते त्याचा निर्णय माझ्यापेक्षा जास्त शहाणपणाचा होता. मी वैतागून गेलो, तो हिशेबाने.

जेट्सच्या बाजूनेही सांगायला हवं. करारावर सही करताना मिळणारा बोनस, जर परत करायचा नसेल आणि खेळण्याच्या अटीवर नसेल, तर अनेक राज्यांच्या नियमांत तो कामाच्या दिवसांत वाटला जात नाही, खेळाडूच्या मूळ राज्याकडे जातो. म्हणजे घर फ्लोरिडात ठेवून जर्सीत खेळणाऱ्याला करारात बोनस जास्त आणि पगार कमी मांडून घेता येतो. चांगला एजंट हे करतोच. फक्त घर खरोखर तिथलं हवं: लायसन्स, मतदान, मुलं, कुत्रा, सगळं. नुसता पत्ता चालत नाही.

शिवाय सगळे कराकडे बघत नाहीत. एरन रॉजर्स २०२३ मध्ये जेट्सकडे आला आणि वर आपला करारही कमी करून घेतला. साक्वॉन बार्कली जायंट्स सोडून २०२४ मध्ये फिलाडेल्फियाला गेला. तिथे राज्याचे ३.०७ टक्के आणि वर शहराचा वेगळा कर, बाहेर राहणाऱ्यालाही साडेतीनच्या आसपास. जर्सीपेक्षा कमी, फ्लोरिडापेक्षा जास्त, आणि पहिल्याच मोसमात सुपर बोल, म्हणजे अंतिम विजेतेपद. नवख्यांना तर निवडच नसते. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपात, ज्याने नाव पुकारलं तिकडे जायचं.

कर नाही म्हणून संघ जिंकतात असंही नाही. मायामीने प्लेऑफचा, म्हणजे मोसमानंतरच्या बादफेरीचा, सामना जिंकला तो शेवटचा २००० च्या मोसमात. जॅक्सनव्हिल आणि ह्यूस्टन (तिथेही पगारावर राज्यकर नाही) सुपर बोलला कधी पोचलेच नाहीत. टॅम्पाने मात्र २०२० च्या मोसमात टॉम ब्रेडीला आणून करंडक घेतला. तो करासाठी आला असं मी म्हणणार नाही, पण जुन्या संघाच्या राज्याचा, मॅसेच्युसेट्सचा, कर त्याला आठवत असेल असंही वाटत नाही.

राहण्याचं थोडक्यात. जर्सीत घरपट्टी देशात सगळ्यात जड. इथे घराचा विमा जड, आणि वादळाचा मोसम आला की पोटात गोळा. ऑक्टोबर २०२४ च्या मिल्टन वादळाने शेजारच्या सेंट पीटर्सबर्गच्या बेसबॉल स्टेडियमचं छप्पर फाडून नेलं. आमच्या अंगणातलं फक्त झाड गेलं. एडिसनला ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत अर्ध्या तासात गणपतीची सगळी तयारी व्हायची. इथे आठवडाभर आधी ठरवावं लागतं. हिवाळ्याबद्दल मी बोलत नाही, भाच्याला तो आवडतो म्हणे.

पण एक गोष्ट राहून राहून मनात येते. २९ सप्टेंबर २०२५ ला हिलचा गुडघा निखळला. मायामीच्याच मैदानावर, तेही नेमका जेट्सविरुद्धच्या सामन्यात. त्या रात्री टीव्हीपुढे बसून मला त्याचे ते राज्यकराबद्दलचे उद्गार आठवले. ज्याची कमाई मोजक्या मोसमांत उरकणार आणि एका टॅकलवर अवलंबून असणार, त्याने दहा टक्के सोडून का द्यावेत? आपल्याला पंचवीस-तीस वर्षं नोकरी असते, आपण चूक केली तरी सावरता येते.

भाच्याला मी एवढंच सांगितलंय की जर्सीच्या ऑफरमध्ये कामाचं ठिकाण काय लिहिलंय ते आधी विचार. जर्सीतलंच ऑफिस असेल तर जा खुशाल, पगार जास्त आहे आणि माणसं आपली आहेत. पत्ता मॅनहॅटनचा असेल तर मला पुन्हा फोन कर. काल त्याचा मेसेज आला: "मामा, पत्ता मॅनहॅटनचा आहे. पण आठवड्यातले तीन दिवस वर्क फ्रॉम होम!" खाली आनंदाचा इमोजी होता. संध्याकाळी फोन करणार आहे त्याला.