आंबा-कोकमाची चॉकलेटं: बार घ्यावा की बॉनबॉन?

कोकण-गोव्याच्या चवींची हातानं केलेली चॉकलेटं मुख्यतः दोन प्रकारांत मिळतात. बारमध्ये सुकवलेल्या फळाचे तुकडे किंवा पूड असते. बॉनबॉनमध्ये पातळ कवचाच्या आत गनाश भरतात, म्हणजे फळाचा रस, क्रीम आणि चॉकलेट यांचं मऊ सारण. फळ एकच, पण बारमध्ये त्यातलं पाणी काढलेलं असतं आणि बॉनबॉनमध्ये राखलेलं. चव कशी लागणार आणि माल किती टिकणार, हे त्या पाण्यावरच ठरतं.

हापूस असेल तर बॉनबॉनच घ्या, तोही एप्रिल-मे महिन्यांत. सुकवताना आंब्याचा वास उडतो आणि जो काही वास उरतो तो 70 टक्के कोकोचं डार्क चॉकलेट गिळून टाकतं. म्हणून व्हाइट चॉकलेट वापरतात, साधारण 200 ग्रॅमला 80 ते 100 ग्रॅम रस. लिंबाचे चार थेंब पडले नाहीत, तर नुसता आंब्याचा पेढा. हंगामाबाहेर डब्यातला रस येतो आणि त्याला जॅमसारखी शिजकी चव असते. डिसेंबरात त्यापेक्षा फ्रीझ-ड्राय, म्हणजे गोठवून सुकवलेल्या, आंब्याचा बार बरा. आंबापोळीचे तुकडे घातलेला बार मात्र टाळा: चॉकलेट विरघळून जातं आणि पोळी दाताला चिकटून राहते.

कोकमाचं उलट. इथे बार जिंकतो. 60-65 टक्के डार्कमध्ये आमसुलाचे बारीक, तीन-चार मिलिमीटरचे तुकडे असले की आंबट आणि कडू एकमेकांना धरून राहतात. आमसुलातलं मीठही कामी येतं. तुकडा मोठा असेल तर एका घासाला नुसता आंबट झटका आणि पुढच्या घासाला काहीच नाही. बॉनबॉनमध्ये अडचण क्रीमची: आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या, आंबटपणानं ते फाटतं. मग करणारा आगळ कमी करतो आणि आपल्या वाट्याला गुलाबी रंगाचा गोडवा येतो. क्रीमऐवजी पाण्यावर केलेलं गनाश मिळालं तर जरूर घ्या. सारण जिभेवर रवाळ लागलं, तर ते फाटलेलं आहे.

(कोकमाच्या बियांचं तेल, आपलं भिरंडेल, चॉकलेटला परकं नाही. युरोपीय संघाच्या नियमात कोको बटरशिवाय ज्या सहा वनस्पती चरब्या 5 टक्क्यांपर्यंत चालतात, त्यांत कोकम आणि आंब्याची कोयही आहे.)

नारळ बारमध्येच, भाजलेल्या कीसाचा. बॉनबॉनमध्ये खोबरेल कोको बटरमध्ये मिसळतं, कवच नरम पडतं आणि वर पांढरे डाग येतात. कीस जुना असेल तर खवट वास लगेच कळतो.

फणस कुठल्याही रूपात घ्या, पण वेगळा बांधून. चॉकलेट वास ओढतं. मिश्र खोक्यात काही दिवसांनी आंबाही फणसाचाच लागतो. काजूफेणी मात्र फक्त सारणातच शोभते.

भेट लगेच उघडली जाणार असेल तर बॉनबॉन. क्रीमचं असेल तर दोन-तीन आठवड्यांत संपवायचं. परदेशी न्यायचं किंवा महिनाभर ठेवायचं तर बार. मे महिन्यात सावंतवाडीहून पुण्याला गाडीतून आणायचं असेल, तर दोन्हींना थंड पेटी लागते, कारण कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं. वितळून पुन्हा गोठलेल्या बारवर करडे-पांढरे पट्टे येतात. ती बुरशी नव्हे, वर आलेलं कोको बटर. खायला हरकत नाही, पण मोडताना 'कट' आवाज येत नाही. फ्रिजमध्ये ठेवलंच तर हवाबंद डब्यात, आणि बाहेर काढल्यावर तासा-दोन तासांनीच डबा उघडा. नाहीतर वर दव धरतं, साखर विरघळते आणि सुकल्यावर खरखरीत पांढरा थर राहतो.

घेताना घटकांची यादी वाचा. कोको बटरच्या जागी 'हायड्रोजनेटेड वनस्पती चरबी' असेल तर ते कंपाउंड. टाळूला मेणासारखा थर बसतो आणि त्याखाली कुठलंच फळ लागत नाही.

चाखताना खोली 20-22 अंशांची असावी. क्रम नारळ, आंबा, कोकम, फणस, शेवटी फेणी. तुकडा चावू नका, जिभेवर विरघळू द्या. मधे घोट घ्यायचा तो कोमट पाण्याचा: गार पाण्यानं कोको बटर जिभेवरच गोठतं आणि पुढच्या चॉकलेटची चव लागत नाही.